शेजारच्या भाड्याच्या घराचा कचरा पुन्हा पुन्हा आपल्या दारात: आमच्या गल्लीत काय फसलं, काय टिकलं

आधी लक्षणं सांगते, म्हणजे तुमचं दुखणं आणि आमचं एकच आहे का, ते ताडून बघता येईल.

इंदूरला भंवरकुआच्या मागच्या अंगाला आमची गल्ली. सगळा क्लासेसचा भाग, त्यामुळे दर तिसऱ्या घरावर ‘रूम खाली है’ची पाटी. आमच्या डाव्या हाताला असंच एक तीन मजली घर आहे. खोल्या नऊ, मुलं सतरा, बहुतेक पीएससीची तयारी करणारी. घरमालक खरगोनकडे शेती बघतात, महिन्यातून एकदा भाडं घ्यायला येतात. दोन घरांच्या मधे एमओएसची, म्हणजे बांधकामाभोवती मोकळी सोडायच्या जागेची, अरुंद पट्टी, अर्धी त्यांची, अर्धी आमची, आणि मधे कंबरेएवढी भिंत.

सकाळी उठून बघावं तर विजेच्या खांबाला टेकून तीन-चार पन्न्या, म्हणजे कचऱ्याच्या प्लास्टिक पिशव्या. दहा वाजेपर्यंत कुत्री त्या फाडून मोकळी. दुपारी चहाच्या रंगाचं पाणी ओघळत आमच्या ओटल्याच्या पायरीशी येऊन थांबायचं. तक्रार केली की साफ, तिसऱ्या दिवशी जैसे थे. एमओएसमध्ये तर वरून थेट वर्षाव: कागदी कप, शेवेची रिकामी पाकिटं, एकदा तर अख्खा डबाभर आंबलेला डाळभात. पुण्याची नणंद आली होती. रिक्षातून उतरता उतरता तिनं ढिगाकडे बघितलं आणि म्हणाली, “वहिनी, हेच का हो ते नंबर वन?” २०१७ ते २०२३ आमचं गाव स्वच्छ सर्वेक्षणात दर वर्षी पहिलं आलं, २०२३ चा पहिला नंबर सुरतेबरोबर वाटून घ्यावा लागला तेवढाच काय तो. आणि माझ्या दारात हे. बोलायला तोंडच राहिलं नाही.

जे फसलं ते आधी, कारण त्यातच आमचं दीड वर्ष गेलं

पहिला उपाय ओरडण्याचा. गच्चीवरून ओरडले, गेटवर जाऊन ओरडले. “जी आंटी, ध्यान रखेंगे.” मुलं वाईट नाहीत, एकही उलटून बोलला नाही. आठवडाभर ध्यान राहायचं. मग कोणी खोली सोडायचा, नवा यायचा, आणि माझं ओरडणं पुन्हा पहिल्या इयत्तेपासून. भाड्याच्या घरातली ही मोठी मेख आहे. तुम्ही ज्याला शिकवता तो जातो, कचरा राहतो.

दुसरा उपाय आमच्या ह्यांचा. एका सकाळी संतापून त्यांनी पन्नी उचलली आणि भिंतीपलीकडे भिरकावली. ती फुटली नेमकी एका मोटारसायकलच्या सीटवर. ज्याची गाडी होती तो बिचारा त्या घरातला सगळ्यात नीटनेटका मुलगा. त्यानं काही न बोलता सीट पुसली, आणि त्या दिवसापासून आम्हाला ‘नमस्ते’ करणं सोडलं. पुढे जेव्हा आतल्या एखाद्या माणसाची मदत हवी होती, तेव्हा ही एक पन्नी आम्हाला फार महाग पडली. काहीही करा, परत फेकू नका.

तिसरा उपाय देवाच्या टाइल्स. भिंतीवर गणपती, साईबाबा आणि मक्का-मदिना अशा तीन चिकटवल्या. पन्न्या दोन वीत उजवीकडे सरकल्या. भक्तिभाव तेवढा वाढला.

चौथा म्हणजे इंदौर ३११, महापालिकेचं तक्रारीचं ॲप. याबद्दल नीट सांगायला हवं, कारण लोक एक तर याला जादू समजतात, नाही तर निरुपयोगी. मी फोटो काढून टाकला की ढीग त्याच दिवशी उचलला जायचा, कधी कधी तर दोन-तीन तासांत. तक्रार ढिगाची होती, ढीग गेला, तक्रार बंद झाली. यात कोणाचं काही चुकलं नाही. पण दीड महिन्यात पाच वेळा असं झाल्यावर लक्षात आलं की मी मोबाइलवरून शेजारच्या सतरा मुलांची घरकामवाली झाले आहे. ॲप ढीग उचलतं, ढीग का होतो ते शोधायचं काम आपलं.

वहीचे दोन आठवडे

माझे वडील गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, होते. मशीन बिघडलं की ते आधी अर्धा तास नुसते बघत उभे राहायचे, पान्याला हात लावायचे नाहीत. तेच केलं. मुलाच्या जुन्या वहीत चार रकाने आखले: दिवस, वेळ, किती पन्न्या, आत काय. ‘आत काय’साठी हातमोजे घालून काठीनं उघडून बघायचं. किळस येते, पण इलाज नाही. गेटवरचा कॅमेरा थोडा खांबाकडे वळवला. त्यात शेजाऱ्यांचं दार किंवा खिडकी येणार नाही एवढं मात्र जपलं.

दोन आठवड्यांत ४६ पन्न्या मोजल्या. त्यातल्या २९ शेजारच्या घरातून आलेल्या. ११ येणारे-जाणारे गाडी न थांबवता टाकून गेले. ढीग दिसला की लोकांना वाटतं इथे टाकायचीच जागा आहे. उरलेल्या ६ आमच्याच गल्लीतल्या, आणि त्यातली एक... आमच्याकडच्या भांडीवाल्या मावशींची. म्हणजे आमचीच. गाडी निघून गेली होती, त्यांनी जाता जाता ठेवली. सगळं खापर त्या मुलांवर फोडायला मी निघाले होते, ते वहीनं थांबवलं. मावशींशी आधी बोलले, मग बाकीच्यांशी बोलायला निघाले.

दुसरी गोष्ट वेळेच्या रकान्यात दिसली. शेजारच्या २९ पैकी जवळजवळ सगळ्या पन्न्या रात्री एक ते तीनच्या दरम्यान आलेल्या. आमच्या गल्लीत निगमची, म्हणजे महापालिकेची, कचरागाडी येते सकाळी सात चाळीसला. मुलं लायब्ररीतून परततात रात्री दीड-दोनला आणि उठतात दहाला. गाडीचं गाणं वाजतं तेव्हा त्यांची मध्यरात्र असते! आता इंदूरची पद्धत आठवा. कोपऱ्याकोपऱ्यावरच्या लोखंडी पेट्या निगमनं कधीच उचलल्या. आपल्याकडे कचरा हातातून थेट गाडीत जातो, मधे ठेवायला सार्वजनिक जागाच नाही. शहर स्वच्छ राहिलं ते त्यामुळेच. पण ज्याची गाडी चुकली त्याला कालचं जेवण आणखी चोवीस तास दहा बाय दहाच्या खोलीत सांभाळायचं असतं, तेही दोघांत. मग तो काय करणार? रात्री खाली येऊन खांबाला टेकवणार.

हे कळल्यावर माझा राग निम्मा उतरला. सवयीचा दोष होताच, पण त्या घरात सात चाळीसला कचरा हातात घेऊन उभं राहणारं माणूसच नव्हतं. आपल्या घरी ते कोणी तरी असतं, बहुधा बाईच, म्हणून आपल्याला ते काम आहे असं वाटतच नाही.

मालकाशी बोलणं

घरमालकांना मी आधी फोटो पाठवत होते. फोटोवर ते जोडलेल्या हातांचं चित्र पाठवायचे, संपलं. जुलैत मात्र एक बरं झालं. एमओएसमधला भिजलेला भात आणि पन्न्या वाहून ड्रेनेजच्या चेंबरमध्ये बसल्या, आणि तुंबलेलं पाणी त्यांच्याच तळमजल्याच्या बाथरूममधून उलटं वर आलं. चेंबर खोलणाऱ्यानं पैसे मोजून घेतले. त्याच संध्याकाळी मी फोन केला. तक्रारीचा शब्द काढला नाही. “दादा, चेंबरचे किती गेले?” एवढंच विचारलं. आकडा ऐकून म्हटलं, “ह्यातल्या अर्ध्या पैशांत तुमची बाई चार महिने कचरा गाडीत देईल.” पलीकडे बराच वेळ शांतता. मग, “दीदी, आप ही बात कर लो उससे.”

जिना झाडायला त्यांच्याकडे एक बाई येतच होती, पण दहाला. तिला सात-सव्वासातला यायला सांगितलं, कचरा गाडीत देण्याचे महिन्याला सातशे जास्तीचे, मालकाकडून. तिनं आधी नाही म्हटलं. बाटल्या आणि पुठ्ठा तिचा, कबाड्याला (भंगारवाल्याला) तीच देईल, असं ठरल्यावर हो म्हणाली. आता तीच मुलांना दरडावते की कोकच्या बाटलीत सिगारेट विझवू नका. पुठ्ठ्यावर तिचा डोळा असल्यामुळे तो कोरडा राहतो, आणि कोरडा वेगळा राहिला की अर्धी लढाई झाली.

ड्रम

जिन्याखाली तीन ड्रम ठेवले, गेटच्या आत, रस्त्यावरून न दिसतील असे. बाहेर दिसले तर अख्खी गल्ली त्यात भर घालते. हिरवा मोठा, निळा त्याहून मोठा, आणि एक छोटा झाकणाचा डबा. गाडीला सहा खण असतात, ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घरगुती घातक आणि ई-कचरा, आणि ते बरोबरच आहे. पण रात्री दोनला झोपेत उतरणाऱ्या मुलाला सहा प्रकार सांगाल तर तो एकही पाळणार नाही. आम्ही एकच नियम लावला: जे सडतं ते हिरव्यात, पन्नी सोडून, बाकी निळ्यात. ब्लेड, औषधांच्या पट्ट्या, बल्ब, सेल छोट्या डब्यात. मुलींची खोली असेल तर सॅनिटरीसाठी आणखी एक डबा लागेलच, आणि कागदात गुंडाळूनच टाकायला सांगा. निळ्यातलं पुढचं वेगळं करणं सकाळी बाई करते.

‘पन्नी सोडून’ हे दोन शब्द सगळ्यात जड गेले. बांधलेल्या पन्नीत ओलं अन्न कोंडलं की हवा लागत नाही, ते कुजतं, आणि एप्रिल-मेमध्ये दुसऱ्या दिवशीच वासानं जीव नको होतो. हिरव्या ड्रमच्या तळाशी वर्तमानपत्राची जाड घडी, झाकण घट्ट, रविवारी फिनाइलनं धुणं. मुलांनी रिकामी पन्नी निळ्यात टाकायची. पहिल्या आठवड्यात गाडीवाल्या भैयानं दोनदा ड्रम तसाच परत केला, “मिक्स है, नहीं लूँगा.” मला मनातून बरं वाटलं. माझ्या दीड वर्षाच्या ओरडण्यानं जे झालं नाही ते त्या दोन नकारांनी झालं, कारण तो ड्रम मग दिवसभर त्यांच्याच जिन्याखाली घमघमत राहिला.

आतल्या माणसाबद्दल. पहिल्या मजल्यावर पांढुर्ण्याचा एक मुलगा होता, मराठी, मला काकू म्हणायचा. ड्रम आल्यावर त्याला चहाला बोलावलं, म्हटलं, तू सगळ्यांना सांग. तो हसायला लागला. “काकू, ह्यांना सगळं माहीत आहे. विचारा कोणालाही.” आणि खरंच, गेटवर उभ्या दोघांना त्यानं विचारलं, तर एकानं धडाधड म्हणून दाखवलं: देवगुराडियाचा गोबर-धन प्लांट, क्षमता रोज ५५० टन ओला कचरा, उद्घाटन १९ फेब्रुवारी २०२२, पंतप्रधानांच्या हस्ते, निघणाऱ्या गॅसवर सिटी बस चालतात. करंट अफेअर्स तोंडपाठ! त्याच्याच बाल्कनीखाली डाळभात पडलेला होता. मी म्हटलं, बाळा, हा भात त्या ५५० टनांत जायचा होता, माझ्या एमओएसमध्ये कसा आला? तो लाजला, आणि पुढे ड्रमवर कागद पांढुर्ण्याच्या मुलानं चिकटवले, सुंदर अक्षरात. माझी पाटी कोणी वाचत नव्हतं; त्यांच्यातल्याच मुलानं लिहिलेली वाचली.

एमओएसची पट्टी

याला वेगळा इलाज लागतो, आणि इथे बरेच लोक अडकतात. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, संपली की लाखोंच्या गर्दीनंतर राजवाड्याचा रस्ता काही तासांत लख्ख होतो, ते आपण बघतो आणि वाटतं, ही पट्टी कोणी साफ का करत नाही. कारण ती रस्ता नाही. ती खाजगी जागा आहे, निगमचा झाडू तिथे येणार नाही. ती साफ ठेवायचं काम ज्याची जागा त्याचं. मालकांना हे सांगावं लागतं, एकदा नव्हे, तीनदा.

आमच्याकडे क्रम असा लागला. आधी एकदा मजूर लावून पूर्ण साफ, खर्च अर्धा-अर्धा. जमीन आमचीही आहे, वाद घालत बसले असते तर आणखी एक पावसाळा गेला असता. मग त्यांच्या दोन्ही बाल्कन्यांना खालपासून छातीपर्यंत हिरवी जाळी. जाळी फार मजबूत नसते, पण वरून सहज हात सोडायची सवय तुटते, तेवढं पुरतं. जागा स्वच्छ असली की टाकणाऱ्याचा हातही कचरतो. आधी साफ न करता जाळी लावली असती तर ढीग जाळीच्या आत सुरक्षित राहिला असता.

पावसाळ्यात इथे रविवारी नजर टाकाच. कागदी कप, दह्याचे डबे, फुटकी बादली यांत साचलेलं स्वच्छ पाणी डेंग्यूच्या डासाला पुरतं, आणि अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणजे आठवड्यातून एकदा सगळं पालथं केलं तरी ती साखळी तुटते. रोज करायला हवं असं नाही; वार चुकवू नका.

महिनाअखेर

वहीत आणखी एक उंचवटा दिसला होता: महिन्याचे शेवटचे दोन दिवस आणि परीक्षेनंतरचा आठवडा. खोली सोडणारा मुलगा गादी, मोडकी खुर्ची, फुटलेला कूलर, दोन पोती नोट्स मागे टाकतो. हे रोजच्या गाडीचं काम नाही, आणि बाईचंही नाही. मालकांनी डिपॉझिटमधून पाचशे रुपये मागे ठेवायला सुरुवात केली: खोली रिकामी दाखवा, मग घ्या. नोट्स कबाडी घेतो, कूलर तर हसत घेतो. गादी हीच एक अडते. आम्ही पुढच्या भाडेकरूला आधी विचारतो, हवी का. निम्म्या वेळा हवी असते.

दिवाळीला मुलं घरी जातात तेव्हा कांदे-बटाटे तसेच सोडून जातात. निघायच्या आदल्या दिवशी बाईनं प्रत्येक दार ठोठावायचं, असं ठरवून घ्या. आम्ही पहिल्या वर्षी विसरलो आणि भाऊबीजेला अख्ख्या जिन्यात माशा.

मालक ऐकतच नसेल तर

आमच्यावर ही वेळ आली नाही, पण वाट माहीत असावी. आधी मालकाला लेखी पत्र, फोटो-तारखांसह, स्पीड पोस्टानं, पावती जपून. फोनवरच्या बोलण्याला नंतर कोणी साक्ष नसतो. मग ३११ वर तक्रार, दर वेळी नंबर वहीत उतरवून. आणि पाच-सहा नंबर जमले की ते घेऊन वॉर्डाच्या दरोगाला, म्हणजे सफाईवर देखरेख करणाऱ्याला, सकाळी प्रत्यक्ष भेटा. ‘ढीग उचला’ म्हणू नका, ‘हा पत्ता वारंवार टाकतो, ह्यांना समज द्या, नाही तर चालान (दंड) करा’ म्हणा. २०१६ च्या घनकचरा नियमांत कचरा वेगळा करून देणं आणि आपल्या हद्दीबाहेर, रस्त्यावर, नालीत न टाकणं ही कचरा करणाऱ्याची जबाबदारी म्हणून लिहिलेलीच होती, त्यामुळे तुम्ही काही जगावेगळं मागत नाही. त्यानंतर पार्षद (नगरसेवक), आणि सीएम हेल्पलाइन १८१. १८१ वर उत्तर समाधानकारक नसेल तर तक्रार बंद करायला होकार देऊ नका, ती वरच्या पायरीवर जाते.

अगदी शेवटी एसडीएमकडे, म्हणजे उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे, अर्ज, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली. जुन्या सीआरपीसीत हेच कलम १३३ होतं. सार्वजनिक उपद्रव हटवायचा आदेश त्यावर निघू शकतो. आणि ह्या कलमाचा गाजलेला निकाल आपल्याच शेजारच्या रतलामचा आहे. तिथल्या वस्तीतले लोक उघड्या गटारांच्या नि घाणीच्या त्रासाला कंटाळून मॅजिस्ट्रेटकडे गेले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचलं, आणि १९८० मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी, पैसे नाहीत ही नगरपालिकेची सबब चालणार नाही, असं ठणकावलं. एकट्यानं अर्ज करण्यापेक्षा गल्लीतल्या पाच-सात घरांच्या सह्या घ्या; उपद्रव ‘सार्वजनिक’ असावा लागतो, फक्त तुमच्या पायरीपुरता नव्हे.

एक शस्त्र मी मुद्दाम वापरलं नाही. भाडेकरूंची माहिती पोलिसांत दिली आहे का, असं विचारून मालकाला घाबरवता येतं, आणि गल्लीतल्या दोघांनी ते सुचवलंही. माहिती द्यायलाच हवी, ते वेगळं. पण कचऱ्याच्या भांडणात ठाणं ओढलं की चौकशीचा फेरा मुलांमागे लागतो. कोणाची परीक्षा तोंडावर असते.

सध्या

आता खांबाशी आठवड्याला एखादी पन्नी दिसते, बहुतेक सोमवारी, आणि ती बाहेरच्याची असते. दिसली की मी गाडी यायच्या आत उचलायला लावते, कारण एकीला दुपारपर्यंत चार बहिणी मिळतात. पांढुर्ण्याचा मुलगा डिसेंबरात खोली सोडून गेला, ड्रमवरचे त्याचे कागद पावसानं विरले आहेत, नवीन लिहून घ्यायला कोणी सापडतंय का बघते आहे. मोटारसायकलवाला अजून नमस्ते करत नाही. हिरव्या ड्रमचं झाकण मुलांनी बसून बसून चिरलंय. शनिवारी सियागंजच्या बाजारात जाईन, तेव्हा जाड प्लास्टिकचं बघते.